रोज अर्जंट, त्याला कोण रडे?

आयटीत सगळ्यात स्वस्त झालेला शब्द कुठला असं विचाराल तर माझं उत्तर तयार आहे : 'अर्जंट'. बटणाचा निळा रंग क्लायंटला जरा जास्तच निळा वाटला, अर्जंट. डेटाबेस बसला आणि लोकांचे पैसे अधांतरी लटकले, तेही अर्जंट. दोन्हींना एकच लाल ठिपका. कामांना क्रम लावता यावा म्हणून कुणा शहाण्या माणसाने पी-झिरो, पी-वन, पी-टू अशी उतरंड रचली होती. मी काम केलेल्या एका कंपनीत हळूहळू सगळीच तिकिटं पी-झिरो झाली, तेव्हा खऱ्या पी-झिरोसाठी 'पी-झिरो प्लस' काढावं लागलं. सहा महिन्यांत तिथेही चेंगराचेंगरी.

हे विनोदी आहे आणि आम्ही त्यावर भरपूर मीम्स करतो. पण मीम्स करून झाल्यावर आम्ही गुपचूप लॅपटॉप उघडतो. घरी ताट वाढलेलं असतं, मावसबहिणीची हळद चालू असते, आई दवाखान्यात नंबर लावून बसलेली असते, आणि 'अर्जंट' म्हटलं की आपण उठतो. त्या शब्दात तेवढी ताकद आहे. म्हणूनच तो कोण वापरतो, कशासाठी वापरतो आणि वापरल्यावर त्याला काय भरावं लागतं, हे बघायला हवं.

माझं म्हणणं थोडक्यात असं : अडचणीच्या, जोखमीच्या, जिवावर बेतणाऱ्या वेळेसाठी आपण जो शब्द वापरतो त्यात ती वेळ संपणार कधी हेही असलं पाहिजे. ज्या शब्दाला शेवट नाही तो आणीबाणीचा शब्द नाही. तो फुकट राबवून घेण्याचा शब्द आहे. आणि हा फरक मराठीला चांगला कळतो, फक्त आपण ऑफिसात शिरताना मराठी बाहेर चपलांपाशी काढून ठेवतो.

घाईचे प्रकार

मराठीत घाईला किती शब्द आहेत ते जरा मोजून बघा. लगीनघाई, तारांबळ, त्रेधातिरपीट, धांदल, हातघाई. 'ऐनवेळी' वेगळं आणि 'आयत्या वेळी' वेगळं. प्रसंग 'बाका' असतो, सामना 'अटीतटीचा' असतो, इशारा 'निर्वाणीचा' असतो. गोष्ट 'गळ्याशी' येते, जीव 'टांगणीला' लागतो. हे सगळे एकमेकांचे समानार्थी शब्द नाहीत. प्रत्येकात थोडी वेगळी माहिती भरलेली आहे.

'लगीनघाई' घ्या. या शब्दात तारीख आहे. मुहूर्त ठरलेला आहे, आणि तो उलटल्यावर सगळे पाय पसरून झोपणार आहेत. घाई कशासाठी आहे हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि शेवटी जेवण आहे! 'तारांबळ' त्याच मांडवातली. मंगलाष्टकांमध्ये 'ताराबल', 'चंद्रबल' हे शब्द येतात, तिथपर्यंत मुहूर्त गाठायची जी धावपळ होते तिच्यावरून तारांबळ आली असं सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, वापर बघा : तारांबळ 'उडते'. ती कुणी भाषण करून जाहीर करत नाही. ती उडाली की कुणाचं तरी नियोजन चुकलंय हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. 'टीमची तारांबळ उडाली' या वाक्यात थोडं हसू आहे आणि थोडा ठपकाही आहे. 'टीमने क्रंच मोडमध्ये डिलिव्हर केलं' या वाक्यात फक्त टाळ्या आहेत.

'हातघाई' तर थेट रणांगणातून आलेला शब्द. लांबून मारा करण्याचे उपाय संपले, आता समोरासमोर, हाताला हात. म्हणजे हातघाईवर येण्याआधी बऱ्याच पायऱ्या होत्या, आणि त्या सगळ्या करून झाल्या आहेत. 'निर्वाणीचा इशारा' म्हणजे त्यानंतर दुसरा इशारा नाही. दर सोमवारी कुणी निर्वाणीचा इशारा द्यायला लागला तर आपण हसतो. 'फायनल रिमाइंडर'च्या तीन मेल आल्या तर मात्र हसत नाही.

माझी सगळ्यात आवडती नोंद सभेच्या विषयपत्रिकेतली आहे. ग्रामपंचायत असो, सहकारी सोसायटी असो की गावच्या वाचनालयाची वार्षिक सभा, कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी एक ओळ असते : आयत्या वेळी येणारे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने. काय सुंदर सोय आहे बघा. ऐनवेळी काहीतरी उपटणार हे मान्य आहे. पण त्याची जागा सगळ्यात शेवटी, आणि तो विषय घ्यायला परवानगी लागणार. आमच्याकडे आयत्या वेळचा विषय सकाळी नऊला येतो आणि ठरलेली कामं त्याच्या परवानगीची वाट बघत बसतात.

आणि मग 'खिंड लढवणे'. 'आज सगळे रजेवर होते, मी एकटीनेच खिंड लढवली' असं आपण सहज म्हणतो. ही खिंड कुठली हे चौथीच्या इतिहासापासून आपल्याला ठाऊक आहे. जुलै १६६०, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेले महाराज, आणि मागे बाजीप्रभू. पण या गोष्टीतला एक तपशील आमच्या कंपन्यांमधले मोटिव्हेशनल वक्ते नेहमी गाळतात. परंपरेने सांगितलेल्या गोष्टीत तोफांचे बार आहेत. महाराज गडावर पोचले की तोफा होतील, तोवर खिंड धरायची, असं ठरलेलं होतं. कशासाठी लढायचं ते ठरलं होतं, कधीपर्यंत लढायचं तेही ठरलं होतं. आमच्या रिलीजच्या आदल्या रात्री पिझ्झा मागवून बाजीप्रभूंचं नाव घेणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं असतं : सर, तोफा कधी?

उसन्या लढाया

आता ऑफिसातले शब्द बघू. 'डेडलाइन' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातलं 'डेड' ऐकूच येत नाही. तो अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या कैद्यांच्या छावण्यांमधून आला. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलला १८६४ मध्ये युद्धकैद्यांची छावणी उभी राहिली. मुख्य कुंपणाच्या आत काही फुटांवर एक हलकं लाकडी कठडं होतं. कैद्याने ते ओलांडलं की पहारेकऱ्याने गोळी घालायची. ती डेड लाइन. चौदा महिन्यांत त्या छावणीत जवळपास १३ हजार माणसं मेली, बहुतेक भुकेने आणि रोगाने. छावणीच्या कमांडंटला युद्धानंतर, नोव्हेंबर १८६५ मध्ये, फाशी झाली. पुढे हा शब्द वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत शिरला आणि तिथून जगभरच्या कॅलेंडरांत. कैद्यांसाठी आखलेली रेघ आपण रोज आपल्या हाताने कॅलेंडरवर मारतो.

'वॉर रूम' ही दुसरी. लंडनमधल्या ज्या तळघरातून चर्चिलच्या काळात युद्ध चालवलं गेलं ते ऑगस्ट १९३९ मध्ये सुरू झालं आणि जपान शरण आल्यावर ऑगस्ट १९४५ मध्ये तिथल्या नकाशाच्या खोलीतले दिवे बंद झाले. साक्षात महायुद्धाची वॉर रूमसुद्धा सहा वर्षांनी बंद झाली. आमच्या मजल्यावरच्या एका मीटिंग रूमच्या दारावर 'वॉर रूम' अशी कायमची पाटी होती, अ‍ॅक्रिलिकची, स्क्रूने बसवलेली. युद्ध कुणाशी आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

'स्प्रिंट'चं काय? स्प्रिंट म्हणजे जीव तोडून मारलेली छोटी धाव. शंभर मीटर धावणारा खेळाडू रेघ ओलांडली की गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेतो. आमच्या पद्धतीत नियमच असा आहे की एक स्प्रिंट संपली की लगेच दुसरी सुरू. दोन-दोन आठवड्यांच्या सव्वीस स्प्रिंट म्हणजे वर्ष. सव्वीस वेळा शंभर मीटर लागोपाठ धावायला लावणाऱ्या प्रशिक्षकाला कुणी प्रशिक्षक म्हणणार नाही.

आणि 'क्रंच'. २००४ मध्ये अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीतल्या एका इंजिनिअरच्या वाग्दत्त वधूने 'ईए स्पाउस' या टोपणनावाने एक लेख लिहिला. तिने सांगितलेला क्रम आमच्यातल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. आधी सौम्य क्रंच, आठवड्याचे सहा दिवस. आत्ता थोडं केलंत तर शेवटी ताण येणार नाही म्हणून. मग ती तारीख उलटली, क्रंच तसाच राहिला, तास वाढले. मग सातही दिवस. पुढे ओव्हरटाइमच्या दाव्यांमध्ये कंपनीला कोट्यवधी डॉलरची तडजोड करावी लागली. 'क्रंच'ला शेवट नव्हता, म्हणून शेवट कोर्टात शोधावा लागला.

मराठी वर्तमानपत्रंही यातून सुटलेली नाहीत. तिथला लाडका शब्द म्हणजे 'युद्धपातळीवर'. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली, तेव्हा ढिगारे उपसायचं काम युद्धपातळीवर चाललं हे म्हणणं बरोबर होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही बरोबर होतं. पण मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ च्या सुमारास सुरू झालं आणि तेव्हापासून गणपती तोंडावर आले की खड्डे बुजवण्याचं काम युद्धपातळीवर सुरू असतं. एवढी वर्षं चाललेलं युद्ध असेल तर तहाची बोलणी तरी सुरू करा. त्या शब्दाने खड्डा बुजत नाही. मात्र इतकी वर्षं काय केलं, हा प्रश्न बुजतो. घाई दाखवली की दिरंगाई झाकली जाते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा दाखला दिला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनी आणि जपानचा. पुन्हा युद्धच. बेचिराख झालेल्या शहरांची उपमा एकदा लावली की मग रविवार मागणारा माणूस आपोआप देशद्रोही दिसायला लागतो. उपमेचं काम तिथेच संपतं.

शब्द न उच्चारल्याने

कुणी म्हणेल, मग काय, संकटाला संकट म्हणायचंच नाही? उलट. म्हणायचं, आणि अशा शब्दात म्हणायचं की ऐकणारा हातातलं सगळं टाकून उठेल.

२५ जानेवारी १९९० ची गोष्ट आहे. एव्हियान्काचं ५२ क्रमांकाचं विमान कोलंबियातून न्यूयॉर्कला निघालं होतं. न्यूयॉर्कवर हवा खराब होती, म्हणून त्याला वेगवेगळ्या ठिकाणी मिळून सव्वा तासाहून जास्त वेळ आकाशात घिरट्या घालायला लावलं गेलं. इंधन संपत आलं. रेडिओवर बोलणाऱ्या सहवैमानिकाने कंट्रोलरला 'प्रायॉरिटी' मागितली, इंधन संपत आल्याचं सांगितलं. कॅप्टन त्याला स्पॅनिशमध्ये सांगत होता की इमर्जन्सी आहे असं सांग. तो नेमका शब्द शेवटपर्यंत रेडिओवर गेला नाही. कंट्रोलरच्या कानाला 'इंधन कमी आहे' हे त्या रात्रीच्या इतर विमानांच्या तक्रारीसारखंच वाटलं. विमान लाँग आयलंडवरच्या झाडीत कोसळलं. १५८ जणांपैकी ७३ गेले. अपघाताच्या चौकशीत कारण नोंदवलं गेलं त्यात इंधनाचं नियोजन चुकल्याबरोबरच आणीबाणी आहे हे नीट कळवलं गेलं नाही, हेही होतं.

विमानवाहतुकीने यातून जे शिकून ठेवलंय ते आमच्या क्षेत्राने भिंतीवर लावावं. तिथे संकटाच्या शब्दांना पायऱ्या आहेत. 'पॅन-पॅन' म्हणजे परिस्थिती तातडीची आहे, पण जीव लगेच धोक्यात नाही. 'मेडे' म्हणजे आहे. दोन्ही तीन-तीनदा उच्चारायचे, म्हणजे गोंगाटातही चुकून ऐकू येणार नाहीत की चुकून निसटणार नाहीत. इंधनासाठीसुद्धा आज 'मिनिमम फ्यूएल' आणि 'मेडे फ्यूएल' असे दोन वेगळे शब्द ठरलेले आहेत. आणि खोटा मेडे देणं हा गुन्हा आहे. 'मेडे' म्हटलं की सगळी विमानं बाजूला होतात, कारण कॉफी सांडली म्हणून कुणी मेडे म्हणत नाही. शब्द महाग आहे, म्हणून तो चालतो.

आपल्याकडे लांडगा आला रे आला ही गोष्ट मुलांना खोटं बोलू नये म्हणून सांगतात. मला ती आता प्रॉडक्शन सपोर्टची गोष्ट वाटते. फक्त आमच्या गोष्टीत ओरडणारा पोरगा मॅनेजर आहे आणि लांडगा खरंच आला तर खाल्ला जाणार तो रात्री तीनला फोन उचलणारा ज्युनिअर. दिवसाला चाळीस खोटे अलर्ट वाजणाऱ्या फोनवर एकेचाळिसावा खरा आहे हे कुणाला कळणार?

आणीबाणी कशी संपते

'आणीबाणी' हा शब्द आपण मस्करीत वापरतो, पण या देशाने त्या शब्दाची किंमत मोजलेली आहे. आणि शाळेत शिकवतात त्याहून तो हिशेब जास्त बोधप्रद आहे.

चीनचं युद्ध १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महिनाभर चाललं. त्यासाठी २६ ऑक्टोबर १९६२ ला जाहीर झालेली आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ ला. युद्ध महिनाभर, आणीबाणी पाच वर्षांवर. मग ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तान युद्धाची आणीबाणी आली. ढाक्यात शरणागती १६ डिसेंबरला झाली, म्हणजे दोन आठवड्यांत लढाई आटोपली. पण आणीबाणी उठवायची कुणाला आठवणच झाली नाही, किंवा आठवण होऊनही सोय बघितली गेली. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी नव्या आणीबाणीवर सही केली तेव्हा जुनी अजून चालूच होती. मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळवलं गेलं. कारण म्हणून दोन शब्द पुरले : अंतर्गत अशांतता. त्यात काय बसत नाही? ती उठली २१ मार्च १९७७ ला, आणि त्याच महिन्यात १९७१ चीही.

त्यानंतर १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली. ती मला एखाद्या उत्तम इन्सिडंट पॉलिसीसारखी वाचावीशी वाटते. 'अंतर्गत अशांतता' हे सैल शब्द काढून 'सशस्त्र उठाव' हे घट्ट शब्द घातले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी असल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करायची नाही. महिन्याभरात संसदेची मंजुरी घ्यायची. मंजुरी मिळाली तरी ती सहा महिन्यांपुरती. पुढे हवी तर पुन्हा उभं राहून मागायची. आणि आणीबाणी असली तरी जगण्याचा हक्क निलंबित करता येणार नाही.

म्हणजे या देशाने अनुभवाने ठरवलं की आणीबाणी हवीच असेल तर कारण नेमकं सांगा, कागदावर लिहा, दुसऱ्याची संमती घ्या, शेवटची तारीख घाला, आणि काही गोष्टींना हात लावू नका. साठ कोटींच्या देशाला जे बंधन घालता आलं ते साठ माणसांच्या टीमला घालता येत नाही असं मला कुणी पटवून द्यावं.

ओटी आणि वेठ

माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. त्यांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार यायचा : ओटी. ओव्हरटाइम. तो शब्द ते खिशावर हात ठेवून उच्चारायचे, कारण त्या शब्दाला भाव होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ५९ व्या कलमाने जादा तासांना दुप्पट दर लावला होता. मालकाला घाई असेल तर घाईचे पैसे मालकाने भरायचे, इतका साधा तो हिशेब. दुसरा शब्द 'भोंगा'. भोंगा कामाला बोलवायचा आणि भोंगाच सोडायचा. गिरणीतलं आयुष्य सुखाचं नव्हतं. सरकीचा आणि सुताचा धूळकण फुफ्फुसात घेऊन ती माणसं जगली, आणि १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेलेल्या सुमारे अडीच लाखांपैकी कित्येक परत गिरणीत गेलेच नाहीत. पण निदान भोंगा वाजला की पाळी संपायची. आमच्या खिशातला भोंगा फक्त सुरू व्हायचं सांगतो.

आमच्या ऑफर लेटरमध्ये 'ओटी' नाही. 'स्ट्रेच' आहे, 'ओनरशिप' आहे, 'एक्स्ट्रा माइल' आहे. या तिन्हींत मिळून एक रुपया नाही. 'ओनरशिप' तर कमालच आहे. मालकी सोडून मालकाची सगळी काळजी तेवढी मिळते.

पगार, तारीख आणि नकाराची सोय, हे तिन्ही नसलेल्या कामाला मराठीत शब्द आहे. वेठ. वेठबिगार म्हणजे सक्तीने, मोबदल्याशिवाय करून घेतलेलं काम. वेठबिगारी बंद करणारा केंद्राचा कायदा १९७६ चा. गंमत बघा, तो आणीबाणीच्या काळातच आला. कायद्याने वेठ संपवली, आणि भाषेत तिचं काय झालं? 'वेठीस धरणे' हा शब्दप्रयोग आज सगळ्यात जास्त कुठे दिसतो? 'संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले.' 'निवासी डॉक्टरांनी रुग्णांना वेठीस धरले.' वेठीला धरल्या गेलेल्यांचा शब्द उलटून काम थांबवणाऱ्यांच्याच अंगावर टाकला गेला. छत्तीस तास सलग ड्यूटी करणारा डॉक्टर वेठीस धरलेला नसतो. तो छत्तीस तासांनंतर 'बस' म्हणाला की वेठीस धरणारा होतो!

मी हा शब्द परत मागतेय. एसीत बसून लाखांत पगार घेणाऱ्याने स्वतःला वेठबिगार म्हणणं हा वीटभट्टीवरच्या माणसाचा अपमान आहे, हे मला कळतं. मी माणसाला वेठबिगार म्हणत नाही. रात्रीच्या त्या चार तासांना वेठ म्हणते. पगार दिवसाच्या तासांचा आहे. त्यापुढच्या तासांवर आपण ज्या एका शब्दामुळे हक्क सोडतो, तो शब्द खोटा निघाला तर ते तास वेठीचेच.

'पण जग असंच चालतं'

पहिला आक्षेप नेहमीचा : स्पर्धा आहे, क्लायंट अमेरिकेत आहे, आपण नाही केलं तर दुसरा देश करेल. बरं. मग अमेरिकेतल्या कंपन्या स्वतःच्या घरात काय करतात ते बघा. गुगलने आपली सिस्टिम कशी चालवते यावर इंजिनिअरांसाठी पुस्तक छापलंय, ते नेटवर फुकट आहे. त्यात ऑन-कॉल कामाला वेळेच्या पंचवीस टक्क्यांची मर्यादा सांगितली आहे आणि एका पाळीत दोनपेक्षा जास्त घटना आल्या तर माणूस नीट विचार करू शकत नाही असं मानलं आहे. यात दयाळूपणा नाही. दमलेला माणूस रात्री तीनला चुकीच्या सर्व्हरवर चुकीची कमांड मारतो आणि मग खरीच आणीबाणी येते, हा रोखठोक हिशेब आहे.

दुसरा आक्षेप : शब्द बदलून काय होणार? फक्त शब्द बदलून काहीच होणार नाही. पण शब्दाबरोबर प्रश्न येतात. 'अर्जंट आहे' याला उत्तर फक्त 'हो' असतं. 'लगीनघाई आहे' म्हटलं की कुणीतरी विचारतंच, लग्न कधी?

तिसरा आक्षेप मला स्वतःला सगळ्यात वजनदार वाटतो. जुने शब्दही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. लगीनघाईत मांडवात मिरवणारे वेगळे आणि पहाटे तीनपासून चुलीपुढे बसलेल्या बायका वेगळ्या. सुगीच्या दिवसांत धान्य कुणाच्या कणगीत पडायचं आणि कुणाच्या पदरात पसाभर यायचं, हेही आपल्याला माहीत आहे. मान्य. मराठी शब्द वापरला की न्याय आपोआप होत नाही. पण लगीनघाईतल्या त्या बाईला वऱ्हाड कधी परतणार हे माहीत असायचं. अन्याय होताच, पण तो किती दिवसांचा हे तिला मोजता यायचं. आज आम्हाला तेवढंही मोजता येत नाही, आणि वर आम्ही स्वतःला तिच्यापेक्षा मोकळे समजतो.

मग करायचं काय?

मॅनेजरशी भांडा असं मी सांगणार नाही. ईएमआय सगळ्यांनाच आहेत. पण चार प्रश्न विचारायला धैर्य लागत नाही, फक्त सवय लागते. ही घाई कुणी जाहीर केली? कशामुळे आली? कधी संपणार? तिची भरपाई कोण आणि कशी देणार, पैशाने की सुट्टीने? कॉलवर विचारू नका, ग्रुपवर लिहून विचारा, अगदी नम्र भाषेत, 'प्लॅनिंगसाठी' म्हणून. खरी घाई असेल तर चारही उत्तरं दोन मिनिटांत येतात. पेमेंट बंद पडलंय, सकाळी सातला बाजार उघडायच्या आत चालू हवंय, उद्या तुम्ही या नका. असं उत्तर आलं तर तक्रार न करता खिंडीत उभं राहावं. कामाचा म्हणून एक धर्म असतोच, आणि अशा रात्री पुढे आयुष्यभर सांगायच्या असतात.

उत्तर न येता 'टीम स्पिरिट' आलं तर ते काय आहे ते आपसांत तरी खऱ्या नावाने म्हणू या. तारीख असेल तर लगीनघाई. कुणाची तरी जागा सांभाळत असू तर खिंड. वरच्याचं नियोजन फसलं असेल तर तारांबळ, आणि ती त्याची, आपली नव्हे. यातलं काहीच नसेल तर वेठ. टीममधल्या नव्या पोरापोरींना हे चार शब्द पहिल्याच आठवड्यात सांगून टाका. त्यांना वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे म्हणून काम संपत नाही. काम संपत नाही कारण ते संपावं अशी कुणी व्यवस्थाच केलेली नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

येत्या शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता कुठल्या तरी ग्रुपवर तो शब्द पडेलच. अंगठा वर करायच्या आधी एकच ओळ टाइप करा : कधीपर्यंत? आणि उत्तर तारखेत मागा.